सुरतेहून दुबई आणि बँकॉक : अंतर किती, वेळ किती?

सुरत शहराच्या आग्नेय अंगाला, पर्वत पाटिया, लिंबायत आणि डिंडोली यांच्या शेजारी, गोडादरा नावाची वस्ती आहे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून यंत्रमागांवर, रंगाईच्या कारखान्यांत आणि कापडाच्या बाजारात काम शोधीत आलेली मराठी कुटुंबे या सगळ्या पट्ट्यात मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. गुजराती मुलखात असूनही तेथील गल्ल्यांतून अहिराणी सहज कानी पडते. अशा वस्तीत गावाचे अंतर कोणी कोसांत सांगत नाही, की किलोमीटरमध्ये सांगत नाही. अमळनेर किती लांब, असे विचारले तर रात्रीच्या गाडीत बसावे आणि पहाटे उतरावे, असे उत्तर मिळते. अंतर म्हणजे लागणारा वेळ, हे समीकरण आगगाडीने या लोकांच्या मनात पक्के केलेले आहे, आणि आगगाडीपुरते ते फारसे चुकीचेही नाही.

विमानाच्या बाबतीत मात्र हे समीकरण साफ फसते. सुरतेच्या विमानतळावरून २०१९ सालच्या फेब्रुवारीत शारजाला पहिली नियमित परदेशी विमानसेवा सुरू झाली. २०२३ सालच्या डिसेंबरात या विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, नव्या इमारतीचे उद्घाटन झाले आणि दुबईची वाट उघडली. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या डिसेंबरात, बँकॉकला थेट विमान निघाले. हिऱ्यांचे आणि कापडाचे व्यापारी या विमानांनी जातात, सहलीला जाणारे जातात, आणि आखातात नोकरी धरलेली कष्टाळू घरांतील मुलेही जातात. त्यांच्या घरी भिंतीवर एक कॅलेंडर आणि एक घड्याळ असते. मुलगा विमानात बसला की घरची माणसे त्या घड्याळाकडे पाहून हिशेब मांडू लागतात. आणि येथेच घोटाळ्याला सुरुवात होते.

समजा, दुबईचे विमान सुरतेहून रात्री अकरा वाजता सुटते आणि तिकिटावर पोहोचण्याची वेळ बारा वाजून चाळीस मिनिटे अशी छापलेली आहे. वजाबाकी केली तर प्रवास एक तास चाळीस मिनिटांचा होतो. तेच विमान दुबईहून रात्री एक चाळीसला निघून सकाळी सहाला सुरतेस उतरते. म्हणजे येताना चार तास वीस मिनिटे! आता बँकॉक पाहावे. रात्री दहाला निघालेले विमान तेथे साडेतीनला पोहोचते, म्हणजे साडेपाच तास. आणि परतीचे विमान पहाटे साडेचारला निघून साडेसातला सुरतेत, म्हणजे अवघे तीन तास. (या वेळा केवळ उदाहरणादाखल घेतल्या आहेत, वेळापत्रके ऋतूगणिक बदलतात.) या छापील आकड्यांवर जो विश्वास टाकील त्याला जाताना दुबई अगदी उंबरठ्यावर वाटेल आणि बँकॉक सातासमुद्रापलीकडे, येताना मात्र बँकॉकच दुबईपेक्षा जवळ येऊन बसलेले दिसेल. शहरे तर हललेली नाहीत. मग हलले काय?

हलले ते घड्याळाचे काटे. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. भारताचे घड्याळ ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास, दुबईचे चार तास आणि बँकॉकचे सात तास असते. योगायोग असा की सुरत या दोघांच्या बरोबर मध्ये पडते: दुबई दीड तास मागे, बँकॉक दीड तास पुढे. तेव्हा दुबईला जाताना वजाबाकीच्या उत्तरात दीड तास मिळवावा, येताना तेवढाच वजा करावा; बँकॉकच्या बाबतीत नेमके याच्या उलट करावे. वरील उदाहरणात मग दुबईला जाण्यास तीन तास दहा मिनिटे आणि येण्यास दोन तास पन्नास मिनिटे निघतात. बँकॉकला जाण्यास चार तास आणि येण्यास साडेचार. घोटाळा बव्हंशी मिटला. बव्हंशी म्हणण्याचे कारण, जाण्या-येण्यात तरीही थोडा फरक उरतोच. त्याचा धनी निराळा आहे, त्याच्याकडे पुढे वळता येईल.

येथे एक जिज्ञासा स्वाभाविक आहे. दुबई आणि बँकॉक दोन्ही दीड-दीड तासाच्या अंतराने शेजारी, तर मग ती सुरतेपासून सारख्याच अंतरावर असावीत काय? आपल्याकडच्या जुन्या ज्योतिर्विदांना हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी उत्तरासाठी घड्याळ मागितलेच नसते. दोन ठिकाणी सूर्य वेगवेगळ्या क्षणी माथ्यावर येतो, आणि हा वेळेचा फरक त्या ठिकाणांच्या पूर्व-पश्चिम अंतरावरून निघतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. या फरकाला ते ‘देशांतर’ म्हणत आणि त्याची मोजणी उज्जयिनीवरून जाणाऱ्या रेषेपासून करीत. पृथ्वीचा पूर्ण फेरा साठ घटकांचा. त्या अर्थी एका घटकेत सहा अंश. खानदेशात या विद्येचे मोठेच पीठ होते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे; भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आढळते. आज सुरतेत मागावर उभ्या असलेल्या कित्येकांची गावे या पाटणपासून एका दिवसाच्या चालीत येतील.

तो हिशेब आपल्या प्रश्नाला लावून पाहावा. सुरत आणि दुबई यांच्या रेखांशांत साडेसतरा अंशांच्या जवळपास फरक आहे. एका अंशाला चार मिनिटे या प्रमाणाने सूर्याच्या दृष्टीने दुबई सत्तर मिनिटांनी मागे, म्हणजे तीन घटकांना थोडी कमी. सुरत आणि बँकॉक यांच्यात फरक अठ्ठावीस अंशांचा; म्हणून बँकॉक एकशे बारा मिनिटांनी, पावणेपाच घटकांच्या आसपास, पुढे. सूर्य सांगतो सत्तर आणि एकशे बारा. सरकारी घड्याळे मात्र दोहोंकडे नव्वदच सांगतात. घड्याळ ही राज्यकारभाराची सोय आहे. एका देशाने एक वेळ ठरवावी आणि ती सगळ्या मुलखाला लागू करावी, यात सुख आहे. पण मग त्या वेळेवरून अंतर मोजण्याचा हक्क सोडून द्यावा लागतो. खुद्द गोडादऱ्यात दुपारचे बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर आलेला नसतो. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशाची, आणि सुरत त्याच्या पश्चिमेस पावणेदहा अंश. त्यामुळे तेथील खरा मध्यान्ह सरासरीने बारा वाजून अडतीस-एकोणचाळीस मिनिटांनी होतो. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली, तरी मुंबईकरांनी आपली स्वतःची ‘मुंबई टाइम’ ही एकोणचाळीस मिनिटे मागे असणारी वेळ मोठ्या हट्टाने जपली आणि शहराच्या काही व्यवहारांत ती १९५५ पर्यंत टिकली. घड्याळाची सक्ती माणसांना सहजासहजी पचत नाही, याचे हे एक गमतीदार उदाहरण होय.

आता अंतराकडे वळू. हवेतील अंतर म्हणजे कोणती रेघ? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ ही पृथ्वीवरची सर्वांत जवळची वाट नसते, कारण पृथ्वी गोल आणि कागद सपाट. शाळेतील पृथ्वीचा गोल घ्यावा, एका शहरावर दोऱ्याचे टोक बोटाने दाबून धरावे आणि दोरा दुसऱ्या शहरापर्यंत ताणावा. ताणलेला दोरा ज्या वाटेने बसतो तीच जवळची वाट. ही वाट पृथ्वीच्या मध्यबिंदूशी जेवढ्या अंशांचा कोन करते त्या अंशांना एकशे अकराने गुणले की किलोमीटर मिळतात. खलाशांनी आणि वैमानिकांनी याच हिशेबासाठी आपला सागरी मैल ठेवला आहे: अंशाचा साठावा भाग तो एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर. या रीतीने सुरत-दुबई अंतर सुमारे १,८३० किलोमीटर येते आणि सुरत-बँकॉक सुमारे ३,०८० किलोमीटर. घड्याळाच्या हिशेबाने सख्खे शेजारी असणारे हे दोघे प्रत्यक्षात असे विषम आहेत.

दोऱ्याची वाट आणि पट्टीची रेघ यांत फरक किती पडतो? आपल्या अक्षांशांत फारच थोडा. सुरतेहून बँकॉकला जाताना तो दहा किलोमीटरही भरत नाही. मुंबईहून टोकियोला जाताना मात्र दोऱ्याची वाट सुमारे ६,७३० किलोमीटरची आहे, आणि खलाशांच्या नकाशावरील सरळ रेघ धरली तर जवळजवळ शंभर किलोमीटर जास्त पडतात. उत्तरेकडे जावे तसा हा फरक वाढत जातो. म्हणून लांबच्या प्रवासात विमान नकाशावर विनाकारण उत्तरेला वळसा घेताना दिसते. तो वळसा नव्हे, तोच आडरस्ता होय.

सुरत-बँकॉकच्या दोऱ्याखाली कोणता मुलूख येतो, हे पाहणे मनोरंजक ठरेल. सुरतेहून ही वाट पूर्वेला किंचित दक्षिणेकडे कललेली निघते. डांगच्या बाजूचे डोंगर मागे पडले की ती धुळ्याच्या थोडी दक्षिणेकडून जाते, पाचोऱ्याच्या आसपासचे आकाश ओलांडते, अजिंठ्याच्या डोंगरावरून मराठवाड्याचा कोपरा घेऊन विदर्भात शिरते, श्रीकाकुळमच्या बाजूला बंगालच्या उपसागरावर येते आणि पाण्यावरून ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, दक्षिण किनाऱ्याला लागून सयामात उतरते. विमाने आखलेल्या हवाई मार्गांनी जातात, त्यामुळे प्रत्यक्ष वाट इकडे-तिकडे होते; पण हिशेबाची रेघ ही अशी आहे. म्हणजे सुरतेहून बँकॉकला जाणारा प्रवासी अर्ध्या तासाच्या आतच खानदेशाच्या माथ्यावर असतो. गोडादऱ्याचा विणकर ज्या गावी जाण्यासाठी रात्र काढतो ते गाव त्याच्या खाली, अकरा किलोमीटर खोल, दिव्यांच्या एका ठिपक्याएवढे असते.

अंतर ठरले, आता वेळ. आजची मध्यम आकाराची जेट विमाने उंचावर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात. ३,०८० ला आठशेने भागले तर तीन तास एक्कावन्न मिनिटे येतात. पण हा वेग भोवतालच्या हवेच्या संदर्भात असतो, जमिनीच्या नव्हे, आणि हवा स्वतः वाहती असते. नदीत पोहणाऱ्याला प्रवाहाबरोबर जाताना जे मिळते आणि उलट येताना जे द्यावे लागते, तेच विमानाचे. हिवाळ्यात उत्तर भारताच्या आकाशात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक प्रचंड प्रवाह वाहत असतो आणि त्याच्या कडेचे पश्चिमी वारे दक्षिणेला आपल्या अक्षांशांपर्यंत जाणवतात. या प्रकारच्या प्रवाहांची पद्धतशीर मोजणी प्रथम आशियातच झाली. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले आणि १९२६ साली आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केला. जगाला कळावे म्हणून त्याने जगाची भाषा निवडली, आणि नेमक्या त्याच कारणाने जगाने तो बरीच वर्षे वाचला नाही.

समजा, बँकॉकच्या वाटेवर ताशी शंभर किलोमीटरचा पश्चिमी वारा आहे. जाताना विमानाचा जमिनीवरील वेग नऊशे होईल आणि प्रवास तीन तास पंचवीस मिनिटांत उरकेल. येताना वेग सातशेवर येईल आणि चार तास चोवीस मिनिटे लागतील. जाताना सव्वीस मिनिटांची कमाई, येताना तेहतीस मिनिटांचा खर्च. वारा दोन्ही वेळा सारखाच असूनही सात मिनिटे पदरची जातात, कारण उलट्या वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते आणि सुलट्या वाऱ्यात कमी. जाण्या-येण्यातील फरकाचा धनी तो हाच. दुबईकडे जाताना हिवाळ्यात तो विरोधात उभा राहतो आणि येताना पाठीशी असतो, म्हणून परतीचा प्रवास थोडा लवकर आटपतो.

पावसाळ्यात मात्र चित्र पालटते. जमिनीवर नैर्ऋत्येचा वारा ढग हाकीत असतो, त्याच वेळी द्वीपकल्पाच्या डोक्यावर फार उंचीवर वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे धावत असतो. या पूर्वी झोतवाऱ्याचे वर्णन १९५८ साली पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने जगापुढे मांडले. त्याचा मुख्य जोर दक्षिणेकडे आणि विमानांच्या नेहमीच्या उंचीच्याही वर असतो. तरी श्रावणात बँकॉकचे विमान पूर्वेकडे जाताना हिवाळ्याइतके निर्धास्तपणे धावत नाही. एकाच शहराला जाण्याची वेळ पौषात एक आणि श्रावणात दुसरी, यात नवल नाही.

सुरतेला तर यात काहीच नवे वाटू नये. मोगलांच्या काळी हज यात्रेकरूंची जहाजे याच बंदरातून सुटत, म्हणून सुरतेला मक्केचे द्वार म्हणत. शिडाच्या जहाजाला निघण्याचा मुहूर्त वाराच काढून देई. पावसाळ्यापूर्वी ईशान्येच्या वाऱ्यावर पश्चिमेकडे जावे आणि नैर्ऋत्येचा वारा ओसरू लागला की त्याच्या शेपटाला धरून परत यावे, असा तो क्रम होता. औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज १६९५ च्या सप्टेंबरात असे परत येत असतानाच हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. त्या काळी प्रवासाचा काळ सांगायचा तर आधी महिना विचारावा लागे. विमानाने तो महिन्यांचा फरक मिनिटांवर आणला, इतकेच. वाऱ्याची सत्ता नाहीशी केली नाही.

वाऱ्यापेक्षाही बलवान असा एक अडथळा आकाशात आहे, आणि तो माणसाने घातलेला आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाचे छोटे ‘पस मॉथ’ विमान उडविले, अहमदाबादेस तेल घेतले आणि दुपारी ते मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरविले. टाटांच्या नियमित हवाई टपालाची ती सुरुवात होती. कराची-मुंबई हे अंतर दोऱ्याच्या हिशेबाने पुरते नऊशे किलोमीटरही नाही. अहमदाबादच्या मुक्कामामुळे ते हजारावर गेले. त्या विमानाला सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ लागला. आज, जेट युगात, या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. एखाद्याला एका शहरातून दुसऱ्यात जायचे झाले तर बहुधा दुबईला वळसा घालावा लागतो: कराचीहून दुबई सुमारे १,१९० आणि दुबईहून मुंबई सुमारे १,९३० किलोमीटर, मिळून तीन हजार शंभरच्या घरात. म्हणजे कराचीहून मुंबईला येणे हे सुरतेहून बँकॉकला जाण्याइतके लांब होऊन बसले आहे, आणि दुबईला विमान बदलताना जो वेळ मोडतो तो निराळाच. २०१९ साली फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद होते. २०२५ च्या एप्रिलात पुन्हा तोच प्रसंग आला. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना त्यामुळे गुजरातच्या बाजूने समुद्रावर येऊन जावे लागले. पृथ्वीच्या गोलावर ताणलेला दोरा सीमा ओळखत नाही, पण वैमानिकाला ती ओळखावीच लागते.

वेळापत्रकात जो काळ धरलेला असतो तो विमान हवेत असण्याचा नसतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबते तोपर्यंतचा तो काळ. त्यात धावपट्टीपर्यंतचे रांगणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी आपली पाळी येईपर्यंत आकाशात घिरट्या घालणे, हे सर्व समाविष्ट असते. शिवाय कंपन्या आपले विमान वेळेवर आले असे दिसावे म्हणून काही मिनिटे पदरात बांधून ठेवतात. त्यामुळे अर्धा तास उशिरा निघालेले विमान कधीकधी वेळेवर पोहोचते आणि प्रवासी वैमानिकाचे कौतुक करतात. ते कौतुक थोडे वेळापत्रक रचणाऱ्याच्या वाट्यालाही जायला हवे.

आणि जमिनीवरचा वेळ? गोडादरा ते सुरतेचा विमानतळ हे अंतर सरळ रेषेत पंधरा किलोमीटरांच्या आसपास आहे. पण एक टोक शहराच्या पूर्वेला आणि दुसरे समुद्राच्या बाजूला डुमसच्या वाटेवर. मधे सगळी सुरत पसरलेली. परदेशी प्रवासासाठी तीन तास अगोदर हजर व्हावे, असे सांगतात. पासपोर्टाची तपासणी, सामानाची तपासणी, उतरल्यावर पुन्हा तेच. दुबईचा तीन तासांचा प्रवास अशा रीतीने दाराहून दारापर्यंत आठ-नऊ तासांचा होतो.

हा हिशेब सहलीला जाणाऱ्याला फार जाचत नाही. पण आखातात कामाला असलेल्या मुलाला घरून अचानक वाईट बातमीचा फोन येतो तेव्हा तोच एक हिशेब उरतो. त्याचे घर गोडादऱ्यात असेल तर विमान मिळाल्यापासून अर्ध्या दिवसात तो दारात उभा राहू शकेल. आई गावी, अमळनेरच्या पलीकडे असेल तर? १,८३० किलोमीटर तीन तासांत कापून तो सुरतेस उतरेल. पुढचे रुळांचे अडीचशे किलोमीटर त्याला तेवढ्यात नेणार नाहीत. उधना-जळगाव हा तापी खोऱ्यातील लोहमार्ग सुमारे ३०७ किलोमीटरचा. एकोणिसावे शतक संपता संपता तो घातला गेला, आणि त्याचे संपूर्ण दुपदरीकरण २०१८ पर्यंत रखडले होते. जलद गाडीलाही या मार्गावर पाच तासांच्या आसपास लागतात, आणि तीही उतरल्याबरोबर उभी असेल असे नाही. आखाजीच्या किंवा दिवाळीच्या दिवसांत तर गाडी मिळणे निराळे आणि गाडीत शिरावयास मिळणे निराळे. विमान सुरू झाल्याने दुबई सुरतेच्या जवळ आली, यात शंका नाही. मात्र खानदेश सुरतेच्या तेवढा जवळ आला नाही, आणि या वस्तीतील बहुसंख्य माणसांचे जाणे-येणे खानदेशाशी आहे, दुबईशी नाही.

शेवटी तारखेबद्दल एक सूचना, कारण या बाबतीतील चूक सर्वांत महाग पडते. आखाताची आणि बँकॉकची पुष्कळ विमाने मध्यरात्रीच्या आगेमागे सुटतात. तिकिटावर १२ तारीख आणि ००.३० अशी वेळ असेल, तर ते विमान १२ तारखेच्या रात्रीचे नव्हे. आपण ज्याला ११ तारखेची रात्र म्हणतो, त्या रात्री साडेबाराला ते सुटते, आणि विमानतळावर ११ तारखेच्या रात्री नऊ-साडेनऊलाच पोहोचले पाहिजे. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, तारीख मध्यरात्रीला. पंचांग पाहून निघण्याची सवय असलेल्या घरात हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही, आणि १२ तारखेच्या रात्री सामान घेऊन सगळे कुटुंब विमानतळावर येते तेव्हा विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असतो. तिकीट हाती येताच सुटण्याच्या वेळेच्या तीन तास आधीची वेळ आणि त्या वेळेची तारीख कॅलेंडरावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. पोहोचण्याची वेळ लिहिताना तिच्या शेजारी ती कोणत्या गावच्या घड्याळाची, तेही लिहावे.